मुक्तिफौजेतल्या मुलीचा बाप्तिस्मा

लेकीच्या बाप्तिस्म्यासाठी चर्चच्या ऑफिसातून जो फॉर्म मिळाला, त्यात आईवडिलांच्या नावांपुढे त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि मंडळीचं नाव लिहायची जागा होती. नवऱ्याने त्याची भरली. माझी कोरी राहिली. मी जन्माने ख्रिस्ती, माझे आजोबासुद्धा जन्माने ख्रिस्ती. बायबलमधली पुस्तकं उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका दमात म्हणून दाखवते. पण बाप्तिस्मा झालेला नाही. ऑफिसातल्या काकांना वाटलं, माझा दाखला हरवलाय. "जिथे झाला तिथल्या रजिस्टरवरून उतारा मागवा, मिळतो," ते म्हणाले. "झालाच नाही हो," म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला यात नवल वाटणार नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मी मुक्तिफौजेतली, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीतली. विल्यम बूथ यांनी लंडनमध्ये सुरू केलेली ही फौज १८८२ च्या सप्टेंबरात मुंबईत उतरली तेव्हा अवघे चार जण होते. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर सनदी नोकरी सोडून आलेले. त्यांनी इकडे भगवे कपडे घातले, फकीर सिंग असं नाव घेतलं. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, बूथ यांनी फौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) दोन्ही थांबवलं. विधी उरकला की काम झालं असं समजून माणसं आतला बदल विसरतात, हे मुख्य कारण. दारूतून नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या ओठाला द्राक्षारस कशाला लावायचा, हेही होतं. शिवाय फौजेत बाया प्रवचन करत, मंडळी चालवत. त्यांच्या हातून हे विधी व्हावेत हे त्या काळच्या इतर चर्चना पचणारं नव्हतं. शेवटचं कारण मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर बूथसाहेबांबद्दल मत एकदम वर गेलं.

तेव्हा आमच्या घरी पाण्याचा प्रश्न कधी आलाच नाही. तान्हेपणी मला झेंड्याखाली धरून समर्पण झालं. लाल झेंडा, निळी किनार, मध्ये पिवळा तारा. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पिवळा म्हणजे आत्म्याचा अग्नी, निळा म्हणजे शुद्धता, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. मग ज्युनिअर सोल्जर झाले. मोठी झाल्यावर सैनिकाच्या, म्हणजे फौजेच्या पूर्ण सभासदाच्या, करारनाम्यावर सही केली, ज्यात दारू-तंबाखूला हात लावणार नाही हेही असतं. लग्नसुद्धा त्याच झेंड्याखाली लागलं. पप्पा याच फौजेत अधिकारी, म्हणजे आमच्याकडचे पाळक, मेजर म्हणून निवृत्त झाले. आई नर्स होती. दर काही वर्षांनी बदली, नवं क्वार्टर, नवी शाळा, आणि प्रत्येक ठिकाणी तोच झेंडा.

लग्नानंतर पुण्यात आले आणि नवऱ्याच्या मंडळीत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका जुन्या चर्चमध्ये जायला लागले. प्रभुभोजनाच्या रविवारी रांग पुढे सरकायची आणि मी बाकावर सगळ्यांच्या पर्स सांभाळत बसायची. सासूबाईंनी एकदा विचारलं. "आमच्यात नसतं," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, पण पुढच्या वेळी त्यांची पर्स त्या बरोबर घेऊन गेल्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

पप्पांना फोनवर फॉर्मचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही तुला अर्धवट वाढवलं का?" पुढच्या रविवारी मी नगरला गेले तर पप्पा शास्त्र उघडून तयारच बसलेले. वधस्तंभावरच्या चोराला कुणी बाप्तिस्मा दिला होता? त्याला तर प्रभू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आणि पौल करिंथकरांना काय लिहितो? ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं. मी ऐकून घेतलं. हे मुद्दे मला नवे नव्हते. शाळेत असताना कॅथलिक मैत्रिणींशी वाद घालताना मीच ते वापरले होते. शेवटी म्हणाले, "फौज कुणाला अडवत नाही. घ्यायचा तर घे. पण कशासाठी, ते मला नीट सांग." मला सांगता आलं नाही.

पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले तेव्हा वाटलं होतं, ते लगेच तारीख देतील. उलट त्यांनी माझं निमित्तच काढून घेतलं. "मुलीचे वडील इथले सभासद आहेत. तुमच्यामुळे तिचं काही अडत नाही. रकाना कोरा ठेवा." मग म्हणाले, "फॉर्मसाठी घेऊ नका. घरी शांतता राहावी म्हणूनही नको. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाला या, ऐका, नाही पटलं तर घेऊ नका. चहा प्यायला या."

त्यांच्याकडूनच मला कळलं की आमच्या या चर्चमध्येच बाप्तिस्म्याबद्दल एकमत नाही, आणि ते तसं मुद्दाम ठेवलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा त्यांत अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते आणि बॅप्टिस्ट, ब्रदरनसुद्धा होते. एका बाजूला तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे, दुसऱ्या बाजूला 'कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्याशिवाय नाही' म्हणणारे. तोडगा निघाला तो असा, की दोन्ही रीती चालतील. कुणी बाळाला बाप्तिस्मा देईल आणि ते मूल मोठं झाल्यावर दृढीकरण घेईल, म्हणजे तोच विश्वास स्वतः कबूल करेल. कुणी बाळाचं नुसतं समर्पण करेल आणि बाप्तिस्मा नंतर होईल. एकच अट, एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. माझ्यासारखी, जिचा एकदाही झाला नाही, ती त्यांच्या हिशेबात सोपी केस होती.

वर्ग शनिवारी संध्याकाळी पाळकांच्या बैठकीच्या खोलीत भरायचा. आम्ही मोजकेच जण. विदर्भातून नोकरीसाठी आलेला एक आयटीवाला मुलगा, एक मध्यमवयीन जोडपं, सतत मोबाइल बघणारी एक कॉलेजची मुलगी, आणि आणखी एक गृहस्थ ज्यांच्याबद्दल पुढे येईल. मला सगळं येतं अशा थाटात मी पहिल्या दिवशी बसले होते. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना हे खरंच येत होतं. पण जुन्या मंडळीत हे कसं चालायचं ते मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिथेच मी अडकले.

पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची 'दिदाखे' म्हणून एक छोटी पोथी आहे. तिच्यात बाप्तिस्म्याच्या सूचना इतक्या घरगुती आहेत की हसू येतं. वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसरं चालेल. थंड नसेल तर कोमट. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा; देणाऱ्यानेही करावा. मला हा देणाऱ्याचा उपास फार आवडला. नंतरच्या काळात रोमकडच्या मंडळ्यांत तयारी तीन-तीन वर्षं चालायची. कामधंदा काय करतो हे आधी विचारायचे. मूर्ती घडवणारा किंवा रिंगणात माणसं मारणारा असेल तर आधी धंदा सोड म्हणायचे. चौथ्या शतकात यरुशलेमात उमेदवाराला पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नकार द्यावा लागे आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करावा लागे. आपण दर रविवारी सुरात म्हणतो तो प्रेषितांचा मतांगीकारसुद्धा, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, मुळात पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नांतून आलेला. पित्यावर विश्वास ठेवतोस का? ठेवतो. एक बुडी. पुत्रावर? दुसरी. पवित्र आत्म्यावर? तिसरी. फौजेत आमची स्वतःची अकरा तत्त्वं आहेत, त्यामुळे हा मतांगीकार मला पुण्यात येईपर्यंत अर्धाच पाठ होता. तो पाठ करताना 'मी' या शब्दावर अडखळायला झालं. तो सगळ्यांबरोबर म्हणताना बरा वाटतो. एकटीने, कुणीतरी समोर उभं राहून विचारत असताना म्हणणं निराळं.

त्या गृहस्थांचं आता सांगते. ते दोन-तीन शनिवार मनापासून आले, सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच असत. मग यायचे थांबले. रविवारच्या उपासनेला मात्र येत राहिले, अजूनही येतात, मागच्या बाकावर बसतात. कारण कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते कळलं होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना; पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत, म्हणजे बाप्तिस्मा घेतला की तो दर्जा आणि त्याच्या सवलती गेल्या. मुलगा बारावीला असताना बापाने रजिस्टरात सही करायची म्हणजे काय, हे आमच्या नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती घराला सांगावं लागत नाही. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं नाही आणि त्यांच्यावर जोरही केला नाही. बाप्तिस्मा म्हणजे काय यावर पुष्कळ बोललं जातं. तो घ्यायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, एवढं त्या वर्गात मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्याकडून तर कुणी काहीच मागत नव्हतं.

रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आला त्या दिवशी माझं बिनसलं. ख्रिस्ताच्या मरणात आपला बाप्तिस्मा झाला, त्याच्याबरोबर आपण पुरले गेलो, असं पौल तिथे म्हणतो. पाळक समजावत होते, जुनं माणूस मरतं, नवं उठतं. मी विचारलं, "माझं जुनं माणूस कुठलं? मी लहानपणापासून हेच करत आले आहे." आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, तोंडातून गेलं, "माझी आई बाप्तिस्म्याशिवाय गेली. ती पुरली तेव्हा ती कुणाबरोबर पुरली गेली नाही का?"

खोलीत कुणी बोलेना. कॉलेजच्या मुलीने मोबाइल उलटा ठेवला. पाळकसाहेबांनी तत्त्वज्ञान सांगितलं असतं तर मी बहुधा उठून गेले असते. त्यांनी आधी आईबद्दल विचारलं. कुठल्या वॉर्डात होती, काय करायची. मी सांगितलं की रात्रपाळीला ती बेवारस पेशंटच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायची आणि सकाळी घरी येऊन आम्हाला डबे करायची. मग ते म्हणाले, "हे विधी देवाने आपल्याला दिलेत. आपण त्यांना बांधलेले आहोत. देव बांधलेला नाही. हे माझं मत नाही, चर्चने जुन्या काळापासून असंच धरलंय. पाण्यापर्यंत पोचण्याआधी जे विश्वासासाठी मारले गेले, त्यांना मंडळीने कधी बाहेरचं मानलं नाही. तुमच्या आईचा हिशेब या खोलीत करायचा नाही." आणि थोडं थांबून, "पण तुम्ही आता त्या ठिकाणी नाही आहात. पाणी तुमच्यासमोर आहे."

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं नाही. ते घरी, रात्री, तो करारनामा कपाटातून काढून वाचताना थोडं हाती लागलं. त्यात प्रत्येक वाक्य मी करीन, मी सोडीन, मी पाळीन असं आहे. चांगलंच आहे, मी त्यातला एकही शब्द मागे घेतलेला नाही. पण माझा विश्वास म्हणजे मी काय काय पाळते याची यादी झाली होती, आणि त्या यादीचा मला अभिमान होता. पर्स सांभाळत बाकावर बसतानासुद्धा होता. बाप्तिस्म्यात मात्र मी करण्यासारखं जवळजवळ काही नाही. उभं राहायचं, विचारलं त्याला उत्तर द्यायचं, डोकं वाकवायचं. स्वतःला तो देता येत नाही. पाळकाला, बिशपला, सगळ्यांना तो कुणीतरी दुसऱ्याने दिलेला असतो. येशूसुद्धा यार्देनेत योहानापुढे वाकला, आणि योहान नको म्हणत असताना वाकला. मरायचं ते जुनं माणूस म्हणजे माझ्या बाबतीत ही यादीवाली असावी.

पप्पांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हं." त्यांच्या 'हं'चे पुष्कळ अर्थ असतात.

या काळात सासूबाई एकदम बोलक्या झाल्या. त्या पंचहौदच्या परिसरात वाढलेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तो आपल्या छोट्या लेकीबरोबर, मनोरमेबरोबर, आणि त्याच वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे जोगिणी, इथे पुण्यात पंचहौदला काम करायला आलेल्या, हे त्यांनी मला दोनदा तरी ऐकवलं. आई आणि लेक एका दिवशी, हे त्यांच्या मनाने कधीच पक्कं करून टाकलं होतं. मी रमाबाईंचं नंतर वाचलं तेव्हा मला वेगळंच भावलं. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी त्याच सिस्टर्सशी पत्रांतून सिद्धांतांवर भरपूर वाद घातला. पाणी पडलं म्हणून प्रश्न थांबवले नाहीत. पप्पांचा ओढा टिळकांकडे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा भक्तसमुदाय काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. "बघ, टिळकांनी सुद्धा," पप्पा म्हणायचे. पण टिळकांनी स्वतः घेतला होता, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. टिळक नक्की कुणाच्या बाजूचे हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

विदर्भातला मुलगा अलायन्स मंडळीतून आलेला, जिथे बुडी देऊनच बाप्तिस्मा होतो. त्याला डोक्यावर पाणी ओतणं म्हणजे बाप्तिस्माच वाटेना. त्याच्यासाठी दुसऱ्या एका मंडळीचा हौद मागून घेतला आणि शनिवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. कुणी बुडी घेऊन बाप्तिस्मा घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते. कपडे जाड, गडद किंवा अस्तराचे घाला; पातळ पांढरा सदरा ओला झाला की पंचाईत होते. चष्मा, घड्याळ, मोबाइल आधी कुणाकडे तरी द्या. हात छातीशी जुळवा, एका हाताने रुमाल नाकाशी धरा. गुडघे थोडे वाकवा आणि मागे जाताना अंग सोडून द्या. ताठ राहिलात तर पाळकाची कंबर जाते. तो मुलगा पहिल्यांदा ताठ राहिला, डोकं बुडालं पण कपाळ कोरडं. त्याने स्वतःच, पाण्यातून, "सर, कपाळ राहिलं," म्हणून सांगितलं. पुन्हा नीट बुडवला. वर आला तेव्हा खोकत होता आणि हसत होता. टॉवेल माझ्या हातात होता.

मी ओतणंच निवडलं. आमच्या चर्चच्या दाराजवळ जुनं दगडी कुंड आहे, नवऱ्याचा, सासऱ्यांचा बाप्तिस्मा त्यातच झालेला, लेकीचाही तिथेच व्हायचा होता. दिदाखेने परवानगी दिलेली असताना मी कशाला हौद शोधू?

त्याआधी कमिटीपुढे जावं लागलं. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, वर्गणी नियमित देता का? दुसऱ्यांनी विचारलं, तारण म्हणजे काय? मला दुसरा प्रश्न सोपा गेला.

दिवस ठरला पेंटेकॉस्टचा, पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा. जुन्या मंडळीत ईस्टरच्या रात्रीनंतर बाप्तिस्म्याचा मोठा दिवस हाच. आदल्या दिवशी मी उपास केला. पाळकसाहेबांनी केला की नाही ते विचारायचं धाडस झालं नाही, पण रविवारी उपासनेनंतर त्यांनी पहिल्या बशीतले तीन समोसे खाल्ले. पप्पा सकाळच्या एसटीने आले, पूर्ण गणवेशात, कॉलरवर बिल्ले, बूट चकचकीत. दारात स्वयंसेवकाने त्यांना पाहुणे अधिकारी समजून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं आणि त्यांनी ते नाकारलं नाही.

आधी माझं. पापाचा, सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग करतेस का? करते. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतेस का? ठेवते. मंडळीला विचारलं, हिला आधार द्याल का? मंडळी "देऊ" म्हणाली, त्यात पप्पांचा परेड ग्राउंडवरचा आवाज वेगळा ऐकू आला. मग माझं नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तीन ओंजळी. मे अखेरची पुण्याची हवा, पाणी कोमटच होतं. पदराने पुसायला गेले तर पाळक हळूच म्हणाले, "राहू द्या." मग लेकीला पुढे केलं. तिने पहिल्या ओंजळीला पाळकांचा चष्मा पकडला आणि तिसरीपर्यंत सोडला नाही.

बाहेर मांडवात सगळे पप्पांना सलाम करत होते. त्यांनी पाळकांना गाठून शांतपणे विचारलं, "आता ही येत्या प्रभुभोजनाला येऊ शकते ना?" पाळक म्हणाले, "अजून दृढीकरण राहिलं. आमच्याकडे बिशप येतात तेव्हा हात ठेवून होतं. त्याचा वेगळा वर्ग असतो."

"अजून वर्ग आहे?" पप्पा माझ्याकडे वळले. "आमच्या फौजेत एका सहीत भागायचं."

सासूबाईंनी त्यांच्या हातात बिर्याणीची बशी दिली आणि म्हणाल्या, "मेजरसाहेब, वर्ग शनिवारी असतो. पुण्यात राहिलात तर तुम्हीही बसा."